पित्ताची पिशवी काढल्यावर

ऑपरेशन संपलं की थिएटरबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हातात एक छोटी पारदर्शक डबी येते. तिच्यात खडे असतात. कुणाचे पिवळसर, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. कुणाचे काळे, बारीक, बोटांत दाबले तर चुरा होणारे. कुणाचा एकच, पण सुपारीएवढा. डबी हातोहात फिरते, मोबाइलवर तिचा फोटो निघतो, तासाभरात तो नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर जातो. ‘बघा, एवढे होते आत!’ म्हणत घरातले सगळे ऑपरेशन योग्यच होतं यावर शिक्कामोर्तब करून टाकतात.

पोटात खडे होते, एवढं त्या डबीवरून कळतं. पण पोट दुखत होतं ते त्या खड्यांमुळेच का, हे तिच्यावरून कळत नाही. पित्ताशय काढल्यावर पुढची वर्षं कशी जातील हे बरंचसं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, आणि ते उत्तर ऑपरेशनच्या आधी शोधायचं असतं. नंतर शोधायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

खडे असणं ही तशी सामान्य गोष्ट आहे. पाश्चात्त्य देशांत प्रौढांपैकी दहा ते पंधरा टक्के लोकांच्या पित्ताशयात ते असतात, आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के लोकांना ते जन्मभर काहीही त्रास देत नाहीत. सोनोग्राफी स्वस्त झाली, गल्लोगल्ली झाली, तेव्हापासून असे मुके खडे भराभर सापडू लागले. कुणी मूतखड्यासाठी जातो, कुणी पाळीच्या तक्रारीसाठी, कुणी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत. आणि रिपोर्टात खाली एक ओळ येते की पित्ताशयात इतक्या मिलिमीटरचा खडा आहे. तिथून पुढे प्रत्येक ढेकर त्या ओळीच्या खात्यावर मांडला जातो.

खड्याचं खरं दुखणं ओळखायला फारसं अवघड नसतं. ते पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली येतं. अचानक चढतं, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकाच जोरात टिकतं, पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जातं, मळमळतं, उलटी होते. कूस बदलून, शौचाला जाऊन किंवा अॅसिडिटीची गोळी घेऊन ते हलत नाही. पुष्कळदा ते रात्री झोपेतून उठवतं. मग जसं आलं तसं निघून जातं, आणि पुढचे कित्येक दिवस माणूस ठणठणीत असतो. ज्यांना असे झटके येतात, ते झटक्याची वेळ आणि जागा न विचारता सांगतात. बाळंतपणाच्या कळा बऱ्या होत्या म्हणणाऱ्या बायका डॉक्टरांना नेहमी भेटतात.

याउलट जेवल्यावर पोट गच्च होणं, ढेकर, करपट पाणी, छातीत जळजळ, पोट साफ न होणं, तळलेलं खाल्लं की अस्वस्थ वाटणं, या तक्रारी खडे असलेल्यांमध्ये जशा असतात तशाच खडे नसलेल्यांमध्येही असतात. आपल्याकडे तर घोटाळ्याला जास्तच वाव आहे. घरात अॅसिडिटीला पित्त म्हणतात, सकाळी आंबट उलटी झाली तर पित्त पडलं म्हणतात, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठतं. तेव्हा ‘पित्ताची पिशवीच काढणार’ हे ऐकल्यावर या सगळ्यातून एकदाची सुटका होणार, असं रुग्णाला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. पण आम्ल जठराच्या भिंतीत तयार होतं, आणि अंगावरच्या गांधींचा संबंध त्वचेतल्या हिस्टमीनशी असतो. पिशवी काढून या दोन्हींवर काडीचाही परिणाम होत नाही. ऑपरेशनच्या आधी हे कुणी स्वच्छ शब्दांत सांगितलं नसेल, तर तीन महिन्यांनी तोच रुग्ण ‘ऑपरेशन करूनही पित्त गेलं नाही’ म्हणत परत येतो.

पित्ताशयावाचून माणूस जगू शकतो, ही गोष्ट मुळात धाडसानं तपासून पाहावी लागली. सतराव्या शतकात कुत्र्यांची पित्ताशयं काढून ते जगतात हे पाहिलेलं होतं, पण माणसावर तो प्रयोग करायला दोनशे वर्षं कुणी धजावलं नाही. पिशवी उघडायची, खडे काढायचे, पिशवी तशीच ठेवायची, इथपर्यंतच शल्यविशारदांची मजल होती. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातल्या कार्ल लांगेनबुख यांनी वेगळा विचार केला. खडे पिशवीतच तयार होतात, मग ती जागेवर ठेवून फक्त खडे काढण्यात हशील काय? घोड्याला आणि हत्तीला तर ही पिशवीच नसते, तरी त्यांचं काही अडत नाही. त्यांनी आधी मृतदेहांवर सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय काढलं. तो माणूस १६ वर्षं कळांनी हैराण होता, वजन घटलं होतं, दुखणं सोसवेना म्हणून मॉर्फिनची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता, दुखणं किरकोळ होतं, आणि तो सिगार ओढत होता. सहा आठवड्यांनी तो घरी गेला. नुसतं मरण टळलं असं नाही, जगणं सुधारलं, याची या शस्त्रक्रियेच्या इतिहासातली ही पहिली नोंद. ती चांगली निघाली याचं कारण उघड आहे: त्याच्या दुखण्याबद्दल शंकेला जागाच नव्हती.

मग पिशवी असते तरी कशाला? यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं, आणि ते काम चोवीस तास चालू असतं. जेवण नसतं तेव्हा पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूची कडी मिटलेली असते. रुग्गेरो ओडी नावाच्या इटलीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती ओडीची झडप म्हणून ओळखली जाते. झडप बंद म्हणून पित्तरस मागे फिरतो आणि पिशवीत जमतो. पिशवीत मावतो तो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण ती त्यातलं पाणी शोषून घेते आणि रस पाच ते दहा पट दाट करते. जेवणातली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या हुकमानं पिशवी आकसते, झडप उघडते, आणि दाट पित्त नेमकं हवं तेव्हा अन्नावर पडतं.

पिशवी गेली की काय होतं हे समजावताना डॉक्टर टाकी आणि नळाचं उदाहरण देतात: टाकी काढली, पण नळाला पाणी चोवीस तास आहे, काळजी नको. उदाहरण रुग्णाला धीर देतं, पण ते निम्मंच खरं आहे. पाणी आहे हे खरं. मात्र रस दाट करायची सोय आणि नेमकी वेळ साधायची सोय, या दोन्ही गेल्या. आता पातळ पित्त दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरतं. चरबी पचायला लागणारी पित्ताम्लं शरीरात अवघी काही ग्रॅम असतात. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांतली ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात आणि परत कामाला लागतात. दिवसात हा फेरा सहा ते दहा वेळा होतो. पिशवी नसली की फेरे वाढतात, कारण मध्ये थांबायला मुक्काम राहिला नाही. बहुतेकांचं शरीर हा बदल निमूटपणे पचवून टाकतं. चरबीचं पचन जवळपास पूर्वीसारखंच होतं, वजन घसरत नाही, अशक्तपणा येत नाही. घोडा दिवसभर चरत असतो, म्हणून त्याला पित्त साठवायची गरज नाही. माणूस सोमवारी उपास करून मंगळवारी लग्नाच्या पंगतीत बसतो, म्हणून त्याला पिशवी सोयीची होती. सोय गेली म्हणून पचन थांबलं असं होत नाही.

‘आता काय खायचं?’ हा प्रश्न डिस्चार्ज कार्ड हातात पडायच्या आधी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांच्या आधी घरातली मोठी माणसं देतात. मऊभात, मेतकूट, मुगाचं पाणी. तूप बंद, तेल बंद, अंडं बंद, दूध बिनसायीचं. पहिले काही दिवस हे ठीकच आहे. भूल उतरलेली असते, आतडी सुस्त असतात, पोट फुगलेलं असतं. तेव्हा थोडं थोडं, हलकं, चारपाच वेळा खाणं बरं पडतं. अडचण पुढे होते. दोन आठवड्यांचं पथ्य दोन वर्षं चालतं, मग जन्माचं होतं. पित्ताशय काढलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर बिनतेलाचं खावं लागतं, याला काही आधार नाही. वरणभातावर चमचाभर तूप, फोडणीचं तेल, आठवड्यातून कधी अंडं किंवा मासळी, हे सगळं बहुतेकांना महिनाभरात पूर्वीसारखं चालतं. एकाच बैठकीत तर्री मारलेली मिसळ, वर दोन बटाटेवडे आणि शेवटी बासुंदी, असा बेत कुणाकुणाला बाधतो. तो आधीही बाधतच असेल, पण आता खापर फोडायला ऑपरेशन आहे. साधा मार्ग असा की एकेक पदार्थ वेगवेगळ्या दिवशी, थोड्या प्रमाणात परत सुरू करावा. पचला तर यादीतून खोडून टाकावा. बाधला तर महिन्यानं पुन्हा करून पाहावा. विनाकारण बंद ठेवलेल्या पदार्थांची यादी हाही आयुष्याच्या दर्जाचाच भाग आहे. लग्नकार्यात वेगळं ताट मागणाऱ्याला तो चांगला कळतो.

पचनाची एकच अडचण खरोखर या ऑपरेशनशी जोडलेली आहे, आणि तिच्याबद्दल लोक लाजेनं बोलत नाहीत: जुलाब. शोषून घ्यायच्या क्षमतेपेक्षा जास्त पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोचली, की तिथली भिंत पाणी सोडते आणि आतड्याची हालचाल वाढते. परिणाम असा की जेवण उरकलं रे उरकलं की धावत संडास गाठावा लागतो. सकाळी नाश्ता केला की दोन वेळा, ऑफिसला निघताना आणखी एकदा. किती जणांना होतं याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात. दहात एकाच्या आसपास धरायला हरकत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतं. गंमत अशी की ज्यांना वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ होता, त्यांतले काही जण या बदलावर खूश असतात.

ज्याचं थांबत नाही, त्याचं आयुष्य मात्र आखडत जातं. एसटीचा लांबचा प्रवास टाळायचा. लोकलमध्ये बसण्याआधी स्टेशनवरचं स्वच्छतागृह पाहून ठेवायचं. बाहेर चहा पोहे नकोच म्हणायचं. अशा माणसाला चार डॉक्टर चार वेळा जंताचं आणि अमीबाचं औषध देतात आणि पाचवा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतो. पित्ताम्लं आतड्यात धरून ठेवणारं कोलेस्टायरामीन नावाचं औषध आहे. ती पाण्यात कालवून घ्यायची पूड असते, जिभेला वाळूसारखी लागते, कुणालाच आवडत नाही. पण जुलाब पित्ताम्लांमुळे असतील तर तिचा गुण थोड्या दिवसांत दिसतो. ती बाकीची औषधंही धरून ठेवते, म्हणून थायरॉइडची किंवा इतर गोळी तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायची. सौम्य तक्रारीत इसबगोल आणि जेवणातलं तेल थोडं कमी करणं एवढंही पुरतं. डॉक्टरांपुढे ‘पोट बिघडतं’ एवढंच म्हणू नये. ऑपरेशनच्या आधी दिवसाला किती वेळा होत होतं आणि आता किती वेळा, हे सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं.

आता जखमेकडे वळू. २० ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पत्रकारांसमोर सदरा वर करून पोटावरचा लांबलचक व्रण दाखवला. बारा दिवसांपूर्वी त्यांचं पित्ताशय काढलं होतं. ते छायाचित्र इतकं गाजलं की पुढल्या वर्षी व्यंगचित्रकार डेव्हिड लीव्हाइन यांनी तो व्रण व्हिएतनामच्या नकाशाच्या आकाराचा रंगवला. देशाचा सर्वोच्च नेता असला तरी उजव्या बरगडीखाली वीतभर चीर पडायची ती पडायचीच. ते स्नायू जुळून यायला चार ते सहा आठवडे लागायचे, खोकताना पोट हातानं धरावं लागायचं.

हे बदललं ते जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी. एरिक म्यूह यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांची टर उडवली गेली. त्याच संघटनेनं १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. फ्रान्समध्ये लियाँच्या फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये तेच केलं आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. भारतात ती आणली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये. पोटात दुर्बीण घालून पाहण्याचं काम ते १९७२ पासूनच करत होते. हे ऑपरेशन एखाद्या पंचतारांकित ठिकाणी सुरू न होता सरकारी इस्पितळाच्या जनरल वॉर्डात सुरू झालं, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते. महिनाभर खाडे परवडत नाहीत ते हातावर पोट असलेल्यालाच.

आज बेंबीजवळ एक आणि वर तीन, अशी चार भोकं पडतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतात. जड उचलणं तेवढं काही आठवडे टाळायचं. पहिल्या रात्री एका गोष्टीनं सगळे गांगरतात: कापलं पोट, दुखतो खांदा. ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं उचललेलं असतं. त्यानं श्वासपटल ताणलं जातं, आणि श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मणक्यांपासून निघते तिथूनच खांद्याकडेही नसा जातात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही, म्हणून कळ खांद्यात जाणवते. दोन तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि खांदा मोकळा होतो. हृदयाचा झटका तर नव्हे ना, म्हणून रात्री दोन वाजता नर्सला उठवणाऱ्या नातेवाइकांना ही एक ओळ आधी सांगितली तर सगळ्यांची झोप वाचेल.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच पांढुरकं होणं, दुखणं उतरायच्या ऐवजी चढत जाणं, पोट फुगून उलट्या होणं: यांपैकी काहीही झालं तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. पित्त गळत असेल, नलिकेत खडा राहिला असेल किंवा नलिकेला इजा झाली असेल.

ती इजा काय करू शकते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनच्या पंतप्रधानाचं आहे. अँथनी ईडन परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल १९५३ मध्ये लंडनमध्ये त्यांचं पित्ताशय काढलं, आणि त्यात मुख्य पित्तनलिका दुखावली गेली. त्याच महिन्यात पोट पुन्हा उघडावं लागलं. जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टनला लेही क्लिनिकमध्ये रिचर्ड कॅटेल यांनी नलिकेची दुरुस्ती केली. ईडन तिथे असतानाच इकडे चर्चिल यांना पक्षाघात झाला, आणि ज्याच्याकडे पंतप्रधानपद जायचं तो वारस अंथरुणावर, असा पेच पडला. १९५५ मध्ये ईडन पंतप्रधान झाले, पण जोडलेल्या नलिकेत पित्त अडकून मधूनमधून ताप भरायचाच. सुएझचा पेच ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९५६ च्या सुरुवातीला, पत्नीला भेटायला इस्पितळात गेले असता त्यांना थंडी भरली आणि ताप १०६ अंश फॅरनहाइटवर गेला. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला. सुएझचे निर्णय आजारपणानं बिघडले की नुसत्या हट्टानं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पुढे त्यांच्यावर आणखी शस्त्रक्रिया झाल्या, आणि ते ७९ वर्षं जगले. म्हणजे एक नलिका दुखावल्यानंतर २३ वर्षं.

अशी इजा आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात तीन ते पाच जणांना होते. आकडा लहान आहे. पण तो मोजताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहावं लागतं. महिन्यातून दोनदा गुडघ्यावर आणणाऱ्या कळा असतील तर ही जोखीम घ्यायलाच हवी. ज्याला मुका खडा आणि नुसते ढेकर आहेत, त्यानं ती का घ्यावी?

आयुष्याचा दर्जा मोजायचा कसा, यावर जर्मनीतल्या कोलोनच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात पोटाच्या रुग्णांसाठी ३६ प्रश्नांची यादी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण १४४. किती वेळा दुखलं, पोट फुगलं का, रात्री जाग आली का, आवडीचे पदार्थ सोडावे लागले का, थकवा येतो का, लैंगिक जीवनावर परिणाम झाला का, असे प्रश्न. निरोगी माणसांचीही सरासरी साधारण १२५ भरते. म्हणजे धडधाकट माणसाचं पोटही अधूनमधून कुरकुरतं, आणि ऑपरेशननंतर पैकीच्या पैकी गुणांची अपेक्षा धरणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

२०१९ मध्ये नेदरलँड्सच्या २४ रुग्णालयांतल्या १,०६७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना खडे होते, सगळ्यांचं पोट दुखत होतं. निम्म्यांबद्दलचा निर्णय नेहमीसारखा डॉक्टरांवर सोपवला. उरलेल्यांना दुखण्याच्या नेमक्या लक्षणांची चाळणी लावली आणि तीतून जे उतरले त्यांनाच ऑपरेशन सुचवलं. वर्षानंतर पाहिलं, तर पोटदुखी पूर्ण थांबलेले पहिल्या गटात ६० टक्के आणि चाळणीच्या गटात ५६ टक्के. चाळणीनं ऑपरेशनं थोडी कमी झाली, एवढंच. खरी चक्रावणारी गोष्ट ही की कुठल्याही वाटेनं गेलं तरी दहातल्या चार जणांचं पोट वर्षानंतरही कधी ना कधी दुखतच होतं. खडे आणि दुखणं शेजारी शेजारी राहत असतील, पण त्यांचं नातं दर वेळी असतंच असं नाही, हेच त्यातून दिसलं.

२०२३ मध्ये ब्रिटनमधून ४३४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात एका गटाला ऑपरेशन ठरवलं, दुसऱ्याला गरज पडेल तसं वेदनाशामक औषध आणि आहाराचा सल्ला. दीड वर्षात दोन्ही गटांच्या दुखण्याच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि थांबायला सांगितलेल्यांपैकी २५ टक्के लोकांनीच ऑपरेशन करून घेतलं. मात्र ऑपरेशन ठरलेल्यांतही प्रत्यक्षात ६७ टक्के लोकांचंच झालं होतं. तेव्हा ‘ऑपरेशनचा उपयोग नाही’ असा अर्थ यातून काढणं चूक आहे. शिवाय हे सगळं गुंतागुंत नसलेल्या खड्यांबद्दल आहे. पित्ताशयाला सूज येऊन ताप आला असेल, खडा नलिकेत अडकून कावीळ झाली असेल, स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आलेल्या रुग्णांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं, तर पुन्हा भरती व्हावं लागण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण १७ वरून ५ टक्क्यांवर येतं, हेही २०१५ मध्ये डच डॉक्टरांनीच दाखवलं.

ऑपरेशननंतर दुखणं राहिलं किंवा परत आलं, की कागदावर ‘पोस्ट-कोलेसिस्टेक्टमी सिंड्रोम’ असं भारदस्त नाव लिहिलं जातं. ते निदान नव्हे. ‘पिशवी काढली तरी त्रास आहे’ एवढंच ते सांगतं. खरा शोध त्यापुढे सुरू व्हायला हवा. जुनीच अॅसिडिटी आहे का, जठरात व्रण आहे का, आतड्याचा आयबीएस आहे का, भोकाच्या जागी हर्निया आला आहे का, हृदयाचं दुखणं पोटात जाणवतंय का. आणि नलिकेत खडा आहे का. पिशवीच नाही तर खडा कुठून येणार, असं रुग्ण विचारतात. ऑपरेशनच्या वेळीच तो निसटून नलिकेत राहिलेला असू शकतो, आणि क्वचित कित्येक वर्षांनी नलिकेतच नवा तयारही होतो. यकृताच्या रक्ततपासण्या आणि एमआरसीपी नावाचा एमआरआय केला की तो दिसतो, आणि पोट न कापता तोंडावाटे एंडोस्कोप घालून काढता येतो.

अशा वेळी नव्या डॉक्टरकडे जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावं. पोटावरचे चार बारीक डाग पाच वर्षांत इतके पुसट होतात की तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतात. आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात पित्तनलिका आठ नऊ मिलिमीटर रुंद असल्याचं वाचून रात्रभर जागं राहू नये. पिशवी काढल्यावर नलिका थोडी रुंदावते, आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील, कावीळ किंवा कळा नसतील, तर दहा मिलिमीटरपर्यंतची रुंदी डॉक्टर सहसा चालवून घेतात. पित्ताशय काढलं आहे हे सोनोग्राफी करणाऱ्याला आधीच सांगितलं, तर तो रिपोर्टात तसं नमूदही करतो.